मी घरीच असते, मग मावशींना पूर्ण पगार का?

गेल्या आठवड्यात 9 महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाची लस द्यायला एक आई आली होती. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम मात्र गारखेड्यातल्या घरातून. लस झाली, बाळ रडून शांत झालं, तरी ती उठेना. म्हणाली, "मॅडम, औषधाचं नाही, वेगळंच विचारायचंय. बाळ सांभाळायला एक मावशी बघितल्या आहेत. सासूबाई म्हणतात, तू दिवसभर घरातच असणार, मग पूर्ण पगार कशाला? किती द्यायचा हो?"

मला हसू आलं. काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न आमच्या घरी पडला होता आणि त्याचं उत्तर आम्ही चुकवलं होतं.

माझी मुलगी तेव्हा 10 महिन्यांची होती. माझी ओपीडी पुन्हा सुरू झाली होती. नवऱ्याचं ऑफिस म्हणजे आमची आतली खोली. मुकुंदवाडीहून मावशी सकाळी 9 ला येत, संध्याकाळी 5 ला जात. बाबा घरीच आहे, तो लक्ष ठेवेल, असं म्हणून आम्ही त्यांनी सांगितलेल्या पगारातून 2 हजार कमी केले. वर खाड्याचे पैसे कापायचं ठरवलं. त्यांच्या गल्लीत नळाला कित्येक दिवसांआड पाणी यायचं. पाण्याच्या दिवशी उशीर झाला, की तोही आम्ही अर्धा खाडा धरायचो. मावशी काही बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांना पटलंय.

पहिल्याच महिन्यात नवऱ्याच्या लक्षात आलं, की 'लक्ष ठेवणं' त्याच्याकडून होतच नाही. मीटिंग असली की दार बंद. उलट त्याच्या घरी असण्यानं मावशींचं काम वाढत होतं.

याचं कारण बाळाच्या वाढीत आहे. साधारण 8 महिन्यांच्या सुमारास बाळाला पक्कं कळू लागतं, की नजरेआड झालेलं माणूस नाहीसं होत नाही, ते कुठेतरी असतं. आई-बाबा दूर जाण्याची भीतीही याच वयात सुरू होते. हे वाढीचं चांगलं लक्षण आहे, हट्ट नव्हे. आई बाहेर कामाला गेली, की बरीच बाळं थोडं रडून रमतात. पण बाबांचा आवाज दाराआडून येत असेल, ते पाणी प्यायला बाहेर येऊन पुन्हा आत जात असतील, तर बाळाला दिवसातून पाच-सहा वेळा तोच विरह. दर वेळी 9 किलोचं रडतं बाळ कडेवर घेऊन मावशी गॅलरीत चकरा मारत. त्यात आतून आमची सूचना, "मावशी, जरा आवाज कमी."

मग पावसाळ्यात एके सकाळी मावशी खोकतच आल्या. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही ताई, धुळीनं झालंय." दुपारी नवऱ्याचा फोन आला, मावशींच्या अंगात ताप आहे. त्या महिन्यात त्यांचे तीन खाडे आधीच झाले होते. चौथा त्यांना परवडणार नव्हता.

तीन दिवसांनी मुलीला ताप आणि सर्दी. रात्री तिच्या पोटाची हालचाल बघून मी श्वास मोजले, मिनिटाला 56. 2 महिने ते 1 वर्ष या वयात श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त असतील, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं, हे मी रोज आयांना सांगते. दोन रात्री ती अ‍ॅडमिट होती.

आजार मावशींकडूनच आला, असं मी म्हणणार नाही. माझ्या ओपीडीतूनही आला असेल. पण सर्दी-तापाच्या माणसाला बाळापासून लांब ठेवा, असं सगळ्यांना सांगणाऱ्या मीच मावशींची घरी थांबण्याची वाट बंद करून ठेवली होती. ती चूक माझी होती.

मुलगी घरी आल्यावर आम्ही मावशींसोबत बसून नव्यानं ठरवलं. तेच त्या आईला सांगितलं:

1. पैसे वेळेचे आणि जबाबदारीचे. मावशींचे 8 तास आपण अडवतो. तेवढ्या वेळात धुणीभांड्याची जितकी घरं त्या करू शकल्या असत्या, त्या सगळ्यांच्या पगाराची बेरीज करा. आकडा त्याखाली जाऊ नये.

2. कमी करायचेच असतील तर तास कमी करा. दुपारी दोन तास बाळ खरोखर तुमच्याकडे असेल, तर त्यांना घरी जाऊ द्या. बसवून ठेवून पैसे कापू नका.

3. बाळाचं काम वेगळं, घरचं वेगळं. बाळाचे कपडे, बाटल्या, जेवण हे बाळाचं काम. सगळ्यांच्या पोळ्या, फरशी सांगितली तर त्याचे पैसे वेगळे.

4. आजारपणाची रजा पगारी. ताप, जुलाब, अंगावर पुरळ असेल तर यायचं नाही, पैसे कापले जाणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

5. जादा वेळ, दिवाळीचा बोनस आणि वर्षाची पगारवाढ आधीच ठरवून कागदावर लिहा.

या मागण्या नव्या नाहीत. 1980 साली पुण्यात घरकामगार बायकांनी संप केला होता, तो पगारवाढ आणि हक्काच्या रजेसाठीच. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तुमच्या मावशींना त्याखाली नोंदणी करता येते का, ते कामगार कार्यालयात विचारा. पण हा कायदा कल्याणाच्या योजनांसाठी आहे. तुमच्या घरात पगार किती, हे तो ठरवत नाही. ते तुम्हालाच ठरवायचं आहे.

ऐकून ती आई म्हणाली, "पण सासूबाईंना काय सांगू?"

म्हटलं, "सांगा, मी घरी असणार आहे, पण मोकळी नसणार. आणि मावशी कामाला लागल्या, की त्यांना एकदा इथे घेऊन या. ताप कसा मोजायचा, श्वास कसे मोजायचे, ओआरएस कसं करायचं, हे मी त्यांना दाखवीन. त्याची फी नाही."