हवेचा बंदोबस्त : जबलपूरकडील पत्रे

मु. जबलपूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार वि. वि.

आपल्या जीपसाठी हवा भरण्याचा कोणता पंप घ्यावा आणि तो गाडीत कोठे बसवावा याची चौकशी करून कळवावे, ही जी कामगिरी आपण निघतेवेळी मजवर सोपविली, तिच्यासाठी याहून योग्य शहर शोधूनही सापडले नसते. १८१७ पर्यंत ज्या मुलखावर आपल्या नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, तेथे इंग्रजांनी १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना काढला, आणि १९६९ साली लष्करी वाहनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला; निसानच्या नमुन्याबरहुकूम तयार होणारी, सहा सिलिंडरांची ती धिप्पाड जोंगा गाडी १९९९ पर्यंत येथेच घडत होती. आपले आतेभाऊ अण्णा त्याच कारखान्यातून निवृत्त झाले असून, लष्कराच्या लिलावात निघालेली एक जोंगा त्यांच्या अंगणात पोटच्या पोराच्या मानाने नांदते आहे.

त्यांच्या हत्यारांच्या पेटीत एक जुनी पितळी वस्तू पाहिली. पेट्रोल इंजिनाचा एक स्पार्क प्लग काढून त्या जागी ही आटे फिरवून बसवायची. उरलेल्या पाच सिलिंडरांवर इंजिन धडधडत राहते आणि सहाव्याच्या दट्ट्याच्या हालचालीवर हा पंप बाहेरची हवा ओढून नळीवाटे टायरात ढकलतो. वीज नको, तार नको. अशा निरलस यंत्रापुढे आजची चकचकीत खोकी मला थोडी पोरकट वाटतात. पण आपली गाडी डिझेलची, तिला प्लगच नाही, तेव्हा हा मोह येथेच आवरतो.

मु. जबलपूर, मार्गशीर्ष वद्य अष्टमी

तीर्थरूप दादांस सा. न. वि. वि.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या १५० पौंडांच्या आकड्यावर आपण भुलू नये, हे आधी लिहून मग पुढील मजकुराकडे वळतो. जीपच्या टायराला तीस-बत्तीस पौंडांपलीकडे काही लागत नाही. विचारायचे ते हे, की पंप मिनिटाला किती लिटर हवा देतो, आणि तीही मोकळ्या तोंडाने नव्हे, तर टायरातील दाबाविरुद्ध. अण्णांनी पाटीवर हिशेब मांडून दाखविला. टायरात जागा ५० ते ६० लिटर. २० पौंडांवरून ३२ वर जायचे म्हणजे १२ पौंडांची भर, आणि वातावरणाचा दाब १४.७ पौंड, तेव्हा प्रत्येक चाकात बाहेरची ४० ते ५० लिटर हवा कोंबावी लागते, म्हणजे चार चाकांना दोनशेच्या आतबाहेर. मिनिटाला २५ लिटर देणारा पंप या कामास आठ मिनिटे घेईल, ७० देणारा तीन. प्रत्यक्षात दाब चढतो तसा प्रवाह मंदावतो, म्हणून दोन्ही आकड्यांत थोडी भर धरावी.

दुसरा प्रश्न दमाचा. हवा दाबली की तापते, ती उष्णता पंपाच्या डोक्यात साठते, आणि हे लहान पंप बहुधा बिनतेलाचे असल्याने त्यांना वंगणाचाही आधार नसतो. म्हणून काही पंप दहा मिनिटे चालले की वीस मिनिटे विसावा मागतात. फार तापल्यावर आपोआप बंद पडण्याची सोय ज्यात नाही, तो स्वस्त पडला तरी घेऊ नये.

ऑस्ट्रेलियातील एआरबी व कॅलिफोर्नियातील व्हायएअर यांचे पंप या छंदाच्या मंडळींत मान्यता पावलेले आहेत, आणि त्यांच्या किमतीही त्या मान्यतेस साजेशाच आहेत. जो वर्षातून एकदा सहलीला जातो, त्याने पिशवीत मावणारा सुटा पंप घ्यावा व सुखी असावे. आपली गाडी मात्र शेताच्या काळ्या मातीत आणि जंगलच्या वाटेवर नित्य जाणारी, तेव्हा पंप कायम बसविणेच श्रेयस्कर. लष्करी गाड्यांत पुष्कळदा २४ व्होल्टची रचना असते. आपली १२ ची आहे, हे दुकानात बजावून सांगावे लागेल.

मु. मंडला, मार्गशीर्ष वद्य द्वादशी

तीर्थरूप दादांस सा. न. वि. वि.

राणी दुर्गावती जेथे १५६४ साली पडली, त्या बरेल्याच्या बाजूने काल येथे आलो. निघण्यापूर्वी रांझीतील एका मिस्त्रीने अण्णांच्या देखरेखीखाली जोंगात पंप बसविला, आणि मी दिवसभर उकिडवा बसून तो सोहळा पाहिला. या विद्येत पंपाच्या निवडीहून जागेची निवड कठीण आहे, असे माझे मत झाले. इंजिनावर बसविला तर हादऱ्यांनी व उष्णतेने मरतो. मडगार्डाच्या पातळ पत्र्यावर बसविला तर पत्रा फाटतो. खाली बसविला तर नाला ओलांडताना पाणी पितो. म्हणून एक्झॉस्टपासून दूर, बॅटरीजवळ, जाड लोखंडी पट्टीवर, आपोआप न सुटणाऱ्या नटांनी तो आवळला, आणि हवा ओढणारी गाळणी आखूड नळी जोडून आणखी वर, बॉनेटच्या लगत नेली. पंपातून निघणारी हवा तापलेली असते, सबब तेथून निघणारी पहिली हातभर नळी तारेच्या विणीची घेतली. साधी रबरी तेथे टिकत नाही.

विजेच्या बाबतीत मिस्त्री अधिकच कर्मठ निघाला. सिगारेट पेटविण्याच्या खाचेतून १०-१५ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह काढणे म्हणजे फ्यूजचा बळी देणे. मोठा पंप ३० अँपिअर मागतो, म्हणून तार थेट बॅटरीपासून, सहा चौरस मिलिमीटर जाडीची, फ्यूज बॅटरीच्या अगदी निकट, आणि मधे किल्लीशी जोडलेला रिले, म्हणजे गाडी बंद असता कोणी बटण दाबले तरी पंप चालू होणार नाही. हवा भरताना इंजिन चालू ठेवावे, असाही त्याचा शिरस्ता आहे.

आज नर्मदेकाठच्या रेताड वाटेवर परीक्षा झाली. चाके रुतू लागताच अण्णांनी हवा १८ पौंडांवर उतरविली. टायर जमिनीवर लांबट पसरला, भार अधिक जागेवर वाटला गेला, आणि इतकी अवजड गाडी सहज बाहेर निघाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी डक नावाच्या उभयचर वाहनात चालकाला बसल्या जागेवरून हवा कमीजास्त करता यावी अशी योजना केली होती, ती या वाळूसाठीच. मात्र उतरविलेल्या हवेवर डांबरी रस्त्याने वेगात गेल्यास टायराच्या बाजू वारंवार दबून तापतात व फुटतात. वाळूतून सुटणे हे पंपावाचूनही साधते, परंतु तेथून घरी परतायला पंप हवा.

आपल्या बॉनेटखाली बॅटरीच्या बाजूस मोकळी रुंदी व उंची किती, ते मोजून जबलपूरच्या पत्त्यावर कळवावे, म्हणजे पट्टी त्याच मिस्त्रीकडून कापून आणतो. आणि चिरंजीवांस ताकीद द्यावी, की मी पोहोचेपर्यंत उत्साहाच्या भरात पत्र्याला भोके पाडू नयेत. वहिनींस नमस्कार.