आनंदपूरची निळी छावणी

पंजाबच्या रूपनगर जिल्ह्यात, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी आनंदपूर साहिब वसलेले आहे. १६९९ च्या वैशाखीला गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली ती याच गावी. तख्त केशगढ साहिबचे शुभ्र घुमट दुरूनच यात्रेकरूंचे लक्ष वेधून घेतात. होळीच्या दुसऱ्या दिवशी मात्र गावाचा रंग पालटतो. होला महल्ल्याच्या उत्सवासाठी निहंगांची दळे येथे उतरतात. तंबू उभे राहतात, घोडे बांधले जातात, लंगरच्या चुली पेटतात आणि चरणगंगेचे मैदान निळ्या वस्त्रांनी भरून जाते.

गुडघ्यापर्यंत निळा चोला, कमरेला तलवार आणि डोक्यावर उंच निमुळता दुमाला, असा निहंगाचा वेष असतो. दुमाल्याभोवती धारदार पोलादी चक्रे बसवलेली असतात. दोन धावत्या घोड्यांवर पाय रोवून उभा राहिलेला स्वार मैदानातून जातो, तेव्हा गर्दीतून जयघोष उठतो. त्यांची भाषाही वेगळीच आहे. एकटा निहंग आला, तरी ‘सव्वा लाख’ आले असे म्हणायचे आणि मूठभर चण्यांना ‘बदाम’ म्हणायचे. अठराव्या शतकात मोगल व अफगाण सत्तेने पाठलाग केला असता, रानावनात उपाशी काढलेल्या दिवसांची ही आठवण आहे. दैन्य पदरी आले तरी ते शब्दातही कबूल करायचे नाही, हा या पंथाचा बाणा आहे.

‘निहंग’ हा मूळचा फारसी शब्द असून त्याचा अर्थ मगर असा होतो. त्यांचे दुसरे नाव अकाली, म्हणजे अकालपुरुषाचे सेवक. १७३४ मध्ये नवाब कपूरसिंग यांनी शीख जथ्यांची बुढ्ढा दल आणि तरुणा दल अशी विभागणी केली. आजची निहंग दळे आपली परंपरा तेथपर्यंत नेतात. अमृतसरच्या अकाल तख्ताचे राखणदार म्हणून त्यांचा शब्द राजालाही मानावा लागे. महाराजा रणजितसिंगांच्या काळी अकाली फुलासिंग हे तख्ताचे जथेदार होते. त्यांनी खुद्द महाराजांना आचारभंगाबद्दल तख्तापुढे बोलावले आणि महाराजांनी शिक्षा मान्य केली, असे परंपरा सांगते. १८२३ मध्ये नौशेराच्या लढाईत फुलासिंग धारातीर्थी पडले.

१८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब खालसा केला आणि हे चित्र बदलले. घोड्यावरून शस्त्रांसह फिरणारा आणि कोणाचीही चाकरी न करणारा साधू-शिपाई नव्या सरकारला संशयास्पद वाटणे स्वाभाविकच होते. सुवर्णमंदिराचा कारभार सरकारच्या मर्जीतील सरबराहाकडे, म्हणजे व्यवस्थापकाकडे गेला. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्र बाळगणे हा सरकारी परवान्याचा विषय झाला. ज्यांची ओळखच शस्त्र होती, त्यांचे महत्त्व रणांगणावर हार न होताही उतरणीस लागले.

दुसरा धक्का स्वकीयांकडून बसला. १८७३ मध्ये अमृतसरला आणि १८७९ मध्ये लाहोरला सिंग सभा स्थापन झाली. शाळा, छापखाने आणि सभा यांच्या बळावर सुशिक्षित सुधारकांनी शीख आचाराला एकसारखे रूप देण्यास आरंभ केला. त्यांची तळमळ खोटी नव्हती. गुरुद्वारांच्या उत्पन्नावर महंत व पुजारी मालकी सांगत होते. दलित समाजातून आलेल्या शिखांचा प्रसाद स्वीकारण्यास सुवर्णमंदिराचे पुजारी तयार नव्हते. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर तर जनरल डायरचा तेथेच सन्मान झाला. १२ ऑक्टोबर १९२० रोजी दलित शिखांनी आणलेला प्रसाद अखेर स्वीकारला गेला आणि पुजाऱ्यांनी सोडलेले अकाल तख्त सुधारकांच्या हाती आले. त्याच वर्षी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. १९२५ च्या कायद्याने पंजाबातील ऐतिहासिक गुरुद्वारांचा कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे सोपवला.

या न्याय्य लढ्यात निहंगांचे जुने स्थान मात्र परत आले नाही. चळवळीने अकाली हेच नाव धारण केले. आज ‘अकाली’ म्हटले की राजकीय पक्ष आठवतो, निळा घोडेस्वार नव्हे. निहंगांचे भांगेचे सेवन नव्या आचारसंहितेत बसणारे नव्हते. गुरू ग्रंथ साहिबसोबत दशम ग्रंथ व सरबलोह ग्रंथ यांची स्थापना करण्याची त्यांची रीतही तिला मान्य नव्हती. ज्या तख्तावरून ते आज्ञा देत, तेथे त्यांनी पाहुण्यासारखे यावे, अशी वेळ आली.

या कथेचा एक धागा गोदावरीच्या तीरापर्यंत येतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेड येथे देह ठेवला. पुढे रणजितसिंगांनी तेथे तख्त सचखंड हजूर साहिबची वास्तू बांधवली. नांदेड निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे पंजाबचा कायदा तेथे लागू झाला नाही. १९५६ मध्ये तेथील गुरुद्वारासाठी स्वतंत्र कायदा झाला. अमृतसरला मोडलेल्या कित्येक जुन्या रीती नांदेडला टिकल्या, त्या याच अंतरामुळे. दशम ग्रंथ तेथे आजही गुरू ग्रंथ साहिबसोबत विराजमान असतो. गुरूंची शस्त्रे श्रद्धेने जपली जातात. होळीच्या वेळी हल्लाबोलची मिरवणूक निघते आणि मराठी बोलणारी शीख कुटुंबे तीत आपल्या पूर्वजांच्या ओढीने धावतात.

होला महल्ला पाहण्यासाठी आनंदपूरला अवश्य जावे. पण महाराष्ट्रातील प्रवाशाने त्याआधी एक रात्र नांदेडला मुक्काम करावा. पहाट होण्यापूर्वीच गागरिया सिंग घागर घेऊन गोदावरीवर जातात आणि गुरुद्वारासाठी जल आणतात. कारभार बदलले, कायदे बदलले, तरी त्या घागरीचा नेम चुकलेला नाही.