पडद्यावरील राजे

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या दक्षिण तीरावर, गेवराई तालुक्यात, राक्षसभुवन नावाचे गाव आहे. तेथील शनीच्या देवळामुळे या गावाचे नाव दूरवर ठाऊक आहे. परंतु देवळातून बाहेर पडून नदीकडे पाहणाऱ्या भाविकांपैकी फारच थोड्यांच्या मनात १० ऑगस्ट १७६३ हा दिवस येत असेल. त्या दिवशी याच तीरावर पेशवा माधवराव आणि हैदराबादचा निजाम अली यांच्या फौजांची मोठी लढाई झाली.

त्या वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटले होते. पानिपतचा घाव अजून भरला नव्हता. माधवरावांचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे. शेजारी चुलते रघुनाथराव. पण त्याच चुलत्यांशी आदल्याच वर्षी आळेगावजवळ माधवरावांना लढावे लागले होते, आणि पराभव पत्करून त्यांच्या स्वाधीन व्हावे लागले होते. असे हे चुलते-पुतणे आता एका सैन्यात होते. श्रावणातली गोदावरी दुथडी भरून चालली होती. निजाम आपल्या काही फौजेसह नदी उतरून पलीकडे, औरंगाबादच्या बाजूला गेला होता आणि उरलेली फौज त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाताखाली अलीकडेच राहिली होती. नेमका तोच क्षण मराठ्यांनी साधला. लढाईच्या गर्दीत रघुनाथराव शत्रूच्या वेढ्यात सापडले; तेव्हा पुतण्याने धावून जाऊन त्यांची सुटका केली. विठ्ठल सुंदर रणात पडला. पलीकडच्या तीरावर उभ्या असलेल्या निजामाला आपल्या माणसांची दैना पाहण्यावाचून काही करता आले नाही, कारण मध्ये गोदावरी होती.

चित्रपट काढणाऱ्याला याहून अधिक काय हवे? कोवळ्या वयाचा स्वामी, बेभरवशाचा चुलता, पाऊस, महापूर आणि हाकेच्या अंतरावर असूनही मदतीस येऊ न शकणारा राजा, हे सारे इतिहासाने आयतेच मांडून ठेवले आहे. माधवरावांच्या जीवनावर 'रमा माधव' हा मराठी चित्रपट २०१४ साली निघालाही. तरीसुद्धा, उद्या कोणी खास राक्षसभुवनच्या लढाईवर चित्रपट काढावयास निघाला, तर एक भय मनात येते. तो गोदावरीलाच वगळील! नदीचा पूर उभा करणे खर्चाचे आणि जिकिरीचे काम असते. मोकळ्या माळावर घोडी दौडविणे त्या मानाने सोपे.

हे भय उगाच नव्हे. असे एकदा घडलेले आहे, आणि तेही स्कॉटलंडसारख्या इतिहासाभिमानी देशाच्या बाबतीत. ब्रिटनच्या बेटाच्या उत्तरेकडचा हा डोंगराळ मुलूख. शेजारच्या बलाढ्य इंग्लंडशी त्याने कित्येक शतके झुंज दिली. ११ सप्टेंबर १२९७ रोजी स्टर्लिंग गावाजवळ विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे या दोघांच्या सैन्याने इंग्लंडच्या मोठ्या फौजेचा पराभव केला. तो कसा केला? तेथे फोर्थ नदीवर एक अरुंद लाकडी पूल होता. त्यावरून जेमतेम दोन स्वार शेजारी शेजारी जाऊ शकत. इंग्रजांची काही फौज पूल ओलांडून आली, काही पलीकडेच राहिली, आणि तेवढ्यात स्कॉटलंडच्या भालेकऱ्यांनी टेकडीवरून उतरून अलीकडच्या फौजेवर झडप घातली. पलीकडच्यांना नुसते पाहत राहावे लागले. राक्षसभुवनच्या आधी साडेचारशेहून अधिक वर्षे आणि हजारो कोस दूर घडलेली ही लढाई. पण युक्ती तीच, आणि नदीचे साहाय्यही तसेच.

१९९५ साली वॉलेसच्या चरित्रावर 'ब्रेव्हहार्ट' हा चित्रपट निघाला. जगभर तो गाजला, पारितोषिकांनी गौरविला गेला. त्यात स्टर्लिंगची लढाई आहे. लांब भाले आहेत, घोडदळाचा लोंढा आहे, अंगावर काटा आणणारी आरोळी आहे. मात्र पूल नाही! नदीही नाही. सपाट मैदानावर दोन सैन्ये भिडतात आणि शूरांचा जय होतो. पाहणाऱ्याला वाटते की, स्कॉटलंडचे लोक केवळ अधिक त्वेषाने लढले म्हणून जिंकले. त्यांनी किती संयमाने वाट पाहिली, शत्रूची किती माणसे पुलावरून येऊ द्यावयाची याचा किती अचूक हिशेब केला, हे सारे त्या पुलाबरोबर नाहीसे झाले. पोशाखाची चूक एक वेळ क्षम्य ठरेल. पण ज्या कारणामुळे विजय मिळाला ते कारणच पडद्यावरून पुसून टाकले, तर वीरांच्या शौर्याची स्तुती होते आणि त्यांच्या बुद्धीचा मात्र विसर पडतो.

स्कॉटलंडच्या राजघराण्याचे आणि चित्रपटाचे नाते तसे फार जुने आहे. चित्रपटाची कला नुकती कोठे रांगू लागली होती, तेव्हा १८९५ साली एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत एक चित्रफीत तयार केली. तिचा विषय होता स्कॉटलंडची राणी मेरी हिचा शिरच्छेद. ही दुर्दैवी राणी इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या कैदेत १९ वर्षे होती आणि १५८७ साली तिचा वध करण्यात आला. ती चित्रफीत सुमारे वीस सेकंदांत संपते. राणीचे काम एका पुरुषाने केले होते. कुऱ्हाड उचलली जाताच कॅमेरा थांबविला, नटाच्या जागी बाहुली ठेवली आणि पुन्हा कॅमेरा सुरू केला. पाहणाऱ्यांना खरोखरच शीर तुटल्यासारखे दिसले. म्हणजे इतिहासाने पडद्यावर पाऊल टाकले तेच मुळी हातचलाखीचा हात धरून!

या मेरीवर पुढे अनेक चित्रपट निघाले. १९३६ साली निघाला, १९७१ साली निघाला, २०१८ सालीही निघाला. या तिन्हींत मेरी आणि एलिझाबेथ समोरासमोर येतात व एकमेकींना सुनावतात. प्रत्यक्षात या दोघी राण्या जन्मात कधी भेटल्याच नाहीत. त्यांची सारी मैत्री आणि सारे वैर पत्रांतून चालले. पण नुसती पत्रे पडद्यावर कोण पाहणार? आपल्याकडेही असाच प्रकार घडला. २०१५ सालच्या 'बाजीराव मस्तानी' या हिंदी चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नृत्य करताना दाखविल्या, तेव्हा पेशव्यांच्या घरातील स्त्री अशी नाचेल काय, असा प्रश्न पुष्कळांनी विचारला. तो प्रश्न रास्तच होता.

तरी या दोषांचे सारे खापर चित्रपटांच्याच माथी फोडणे योग्य होणार नाही. चित्रपटांच्या कितीतरी आधी लोकांनीच आपल्या राजांच्या भोवती कथा गुंफल्या होत्या. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस पराभूत होऊन गुहेत लपला असता, पुन्हा पुन्हा पडूनही जाळे विणणाऱ्या कोळ्याकडे पाहून त्याला धीर आला, ही गोष्ट आपल्याकडील मुलांनाही ठाऊक असते. ब्रूस १३२९ साली वारला. ही गोष्ट घरोघर पोचविली ती वॉल्टर स्कॉट या लेखकाने, एकोणिसाव्या शतकात. आपल्या तानाजीची घोरपड या कोळ्याची बहीणच म्हणावयाची! तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात यशवंती घोरपड कड्यावर चढते. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आत लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत मात्र मावळे आपल्याच हातापायांच्या बळावर कडा चढून जातात. त्या किल्ल्याला 'सिंहगड' हे नावही तानाजी पडल्यानंतर मिळाले, असे सांगतात. परंतु १६७० पूर्वीच्या पत्रांतही ते नाव आढळते.

कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला, तो हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून. रात्रीची दृश्ये कृत्रिम प्रकाशात टिपण्याचे धाडस त्यांनी त्यात केले. शेलारमामाचे काम करणारा तरुण होता व्ही. शांताराम. याच शांतारामांनी पुढे प्रभात कंपनीसाठी शिवचरित्रावर मूकपट घेतला आणि शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः केली. त्याचे नाव ठेवले होते 'स्वराज्याचे तोरण'. ते वर्ष होते १९३०, मिठाच्या सत्याग्रहाचे. 'स्वराज्य' हा शब्द इंग्रज सरकारच्या कानाला झोंबला. अखेर नाव पालटून तो 'उदयकाल' म्हणून दाखवावा लागला. अडीचशे वर्षांपूर्वी देह ठेवलेल्या राजाच्या नुसत्या चित्राचे एका साम्राज्याला भय वाटावे, यातच त्या चित्राचे सामर्थ्य दिसून येते.

भालजी पेंढारकरांनी तर आपले सारे आयुष्यच या कामाला वाहिले. १९४८ सालच्या जाळपोळीत त्यांचा कोल्हापूरचा स्टुडिओ भस्मसात झाला. तरी १९५२ साली त्यांनी 'छत्रपती शिवाजी' पुरा करून दाखविला. चंद्रकांत त्यात महाराज झाले. असे चित्रपट यात्रा-जत्रांतून तंबूत दाखविले जात. ज्यांच्या घरी पुस्तकाचे एक पानही नव्हते अशी माणसे मातीत बसून ते पाहत. पडद्यावर महाराज येताच कोणी हात जोडीत, कोणी जयजयकार करीत. बीडच्या परिसरात तर याला आणखी एक अर्थ होता. राक्षसभुवनची लढाई मराठ्यांनी जिंकली खरी, परंतु पुढे हा मुलूख निजामाच्या राज्यातच राहिला, तो थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. तेथील माणसांना चार वर्षांनी निघालेला हा चित्रपट निराळाच वाटला असला पाहिजे.

म्हणून पडद्याने इतिहास बिघडविला, एवढेच म्हणून भागणार नाही. पडद्याने तो राखलाही आहे. मात्र पडदा ज्याला एकदा खलपुरुष ठरवितो, त्याची सुटका होणे कठीण. १९४४ साली प्रभातने 'रामशास्त्री' हा बोलपट काढला. गजानन जागीरदारांचा करारी न्यायाधीश ज्याने पाहिला तो विसरत नाही. चित्रपट उत्तम आहे, आणि १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरविले हेही खरे आहे. परंतु आनंदीबाईने आज्ञापत्रातील 'ध' चा 'मा' केला, ही कथा निर्णायक पुराव्याने सिद्ध झालेली नाही. तरी मराठी माणसाच्या मनात ती दगडावरच्या रेघेसारखी उमटली आहे. आणि रघुनाथराव? १७५८ साली मराठ्यांची घोडी लाहोरपर्यंत नेणारा तोच, राक्षसभुवनी शत्रूच्या गराड्यात लढणाराही तोच. दहा वर्षांनी त्याच्या हातून अधमपणा घडला, म्हणून आधीच्या दिवशी तो रणात नव्हताच, असे कसे म्हणता येईल? एका माणसात दोन माणसे असतात, हे दाखविण्याइतकी सवड पडद्याला क्वचित सापडते.

आजकाल ऐतिहासिक चित्रपटांना भर आला आहे. २०२० साली तानाजीवर, २०२५ साली संभाजीमहाराजांवर हिंदी चित्रपट निघाले आणि शाळकरी मुलांनी ते गर्दी करून पाहिले. तानाजीच्या चित्रपटात एक प्रचंड तोफ गडावर चढविली जाते. इतिहासाच्या साधनांत तिचा मागमूस नाही. संगणकाच्या साहाय्याने आता काहीही दाखविता येते. तेव्हा गोदावरीचा पूर दाखविणेही अवघड राहिलेले नाही.

पण खरी गोदावरी दाखविताना तिच्या काठचे रानही दिसले पाहिजे. ऑगस्ट महिना म्हणजे बाजरी उभी असण्याचे दिवस. हजारो घोडी, हत्ती आणि बुणगे ज्या वाटेने गेले, त्या वाटेवर कोणाची तरी शेते होती. लढाई कोणी जिंकली हे सायंकाळपर्यंत कळले. त्या वर्षी गंगथडीच्या कुणब्याच्या पेवात किती धान्य पडले, हे कोणत्याही बखरीने सांगितले नाही. पेशव्याची पगडी, निजामाची अंबारी आणि विठ्ठल सुंदरचे शिर यांच्या पलीकडे बांधावर उभा असलेला तो माणूस ज्या दिग्दर्शकाला दिसेल, त्याचा चित्रपट राक्षसभुवनच्या लोकांनी आधी पाहावा.

त्याला अडचण येईल ती एकच. १९७६ साली वरच्या अंगाला पैठणजवळ जायकवाडीचे धरण पुरे झाले आणि नदीचे पाणी नाथसागरात अडले. भर श्रावणातही पुष्कळदा राक्षसभुवनचे पात्र निम्मे उघडे असते. संगणक न वापरता त्या दिवसाची गोदावरी टिपावयाची असेल, तर त्याला कॅमेरा तीरावर मांडून पैठणचे दरवाजे उघडण्याची वाट पाहत बसावे लागेल.