शिक्षणात गती

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी, वयाच्या 41 व्या वर्षी, पुन्हा वर्गात जाऊन बसला. वर्गातली बाकीची मुलं एकवीस-बावीस वर्षांची. पहिल्या दिवशी एका मुलाने त्याला शिक्षक समजून उभं राहून 'गुड मॉर्निंग सर' केलं. रात्री फोनवर त्याने हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही खूप हसलो. फोन ठेवल्यावर मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही. त्याचं कारण पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे.

आमचं गाव दाभोळ खाडीच्या काठावर. घरटी एक तरी माणूस बोटीवर, अशी आमची वस्ती. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, सारंग होते. जुन्या इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे लोक, इंजिनात पंजाबकडचे आणि सलूनमध्ये गोव्याचे, अशी वाटणीच झालेली असे. बोट जिथून चालवली जाते त्या ब्रिजवरही आपला माणूस असे, पण सुकाण धरायला. सुकाण कुठे वळवायचं हे सांगणारा दुसराच असे.

भाऊ उर्दू माध्यमातून दहावी झाला. इंग्रजीत 41 मार्क. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, घरातली सगळ्यात जास्त शिकलेली. अब्बांनी मला विचारलं, "याला अकरावीला घालू का?" मी म्हणाले, "त्याला शिक्षणात गती नाही." अब्बांनी मग दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने सहा महिन्यांचं ट्रेनिंग केलं, सीडीसी काढली आणि बोटीवर गेला. त्याची जी अलॉटमेंट दर महिन्याला घरी येई, तिच्यातून माझ्या बी.एड.ची फी भरली गेली. तेव्हा बी.एड. एका वर्षाचं होतं. मी शिक्षिका झाले ती अशी.

वीस वर्षांत तो ऑर्डिनरी सीमनचा एबी झाला, एबीचा बोसन झाला. दोन वर्षांपूर्वी साइन ऑफ करून घरी आला आणि जेवताना म्हणाला, "आपा, मला मेटची परीक्षा द्यायची आहे."

आम्ही चौकशी केली. नॉटिकल सायन्सच्या डिग्रीला प्रवेशासाठी 25 वर्षांची वयोमर्यादा आहे, म्हणजे ते दार केव्हाच बंद झालेलं. पण अधिकारी होण्याचा दुसरा एक रस्ता आहे. एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारात, कॅडेट म्हणून मान्य ट्रेनिंग घेतलं असेल तर 12 महिन्यांची समुद्रसेवा पुरते, नाहीतर किमान 36 महिन्यांची लागते. त्यापुढे कोर्स आणि परीक्षा आहेतच. भावाची समुद्रसेवा 36 महिन्यांच्या कितीतरी पट होती. त्याला अडवणारी गोष्ट एकच, पुस्तक.

आणि पैसा. बाहेरच्यांना वाटतं बोटीवरच्या माणसाला बारा महिने पगार असतो. कॉन्ट्रॅक्टवरच्या खलाशाला तो बोटीवर असेल तेवढ्याच महिन्यांचा पगार मिळतो. शिकायला घरी बसला की कमाई बंद. घराच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी पैसे साठवले होते, ते माझ्या भावजयीने पुढे केले. मोहल्ल्यात लोक बोललेच. "या वयात मदरसा लावलाय का?" एका चाचांनी तर मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "तू मास्तरीण आहेस, समजाव त्याला. मुलगी मोठी होतेय, तिचं बघायला सांग." मी मान हलवली. समजावण्याचा माझा अधिकार मी एकदा वापरून झाला होता.

कोर्सला जाण्याआधी चार महिने तो रोज इशानंतर माझ्याकडे वही घेऊन येई. गणितासाठी आमच्या शाळेतल्या सरांना विनंती केली. इंग्रजी माझ्याकडे. पहिलं पुस्तक होतं समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांचं. ही कायद्याची भाषा. एकेक वाक्य पाच ओळींचं. दोन दिवस आम्ही दोघंही डोकं धरून बसलो होतो. मग मला सतराव्या नियमात एक गोष्ट दिसली. दोन बोटींपैकी जिला वाट सोडायची नाही तिने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा, तिथे शब्द आहे 'शॅल'. समोरची आपलं काम करत नाही असं दिसलं तर हिने स्वतः हालचाल केली तरी चालेल, तिथे 'मे'. आणि दोघी इतक्या जवळ आल्या की एकट्या समोरचीच्या हालचालीने टक्कर टळणार नाही, तर हिने हालचाल करायचीच, तिथे पुन्हा 'शॅल'.

मी त्याला म्हटलं, "शॅल म्हणजे फर्ज. मे म्हणजे जायज. कुठे शुड दिसला तर मुस्तहब समज."

त्याने पेन खाली ठेवला. म्हणाला, "आपा, हे तर मी सुकाणावर उभा राहून शंभरदा बघितलंय. कॅप्टन कधी थांबतो आणि कधी हार्ड ओव्हर म्हणतो ते मला माहीत आहे. ते असं लिहिलेलं आहे हे माहीत नव्हतं."

त्यानंतर गाडी चालू लागली. तोंडी परीक्षेत नियम शब्दशः म्हणावे लागतात, म्हणून पाठांतर आम्ही हिफ्जच्या पद्धतीने केलं. रोजचा नवा सबक, मागच्या काही दिवसांची सबकी, आणि जुन्याची मंजिल. लहानपणी त्याने तीन पारे असेच पाठ केले होते. मी ते विसरले होते. अब्बांना उत्तर देतानाही मला ते आठवलं नव्हतं.

सगळ्यात मोठी गंमत आली खगोलाच्या पुस्तकात. जीपीएस असलं तरी ताऱ्यांवरून बोटीची जागा काढणं अजून शिकावं लागतं. नॉटिकल अल्मनॅकमध्ये त्यासाठी निवडलेले 57 तारे आहेत. इंग्रजी नावांना घाबरणारा माझा भाऊ ती यादी वाचता वाचता थांबला. अकर्नार, म्हणजे आखिर-उन-नहर, नदीचा शेवट. अल्टेअर, म्हणजे ताइर, उडणारा. डेनेब, म्हणजे जनब, शेपूट. फोमलहॉट, म्हणजे फम-उल-हूत, माशाचं तोंड. हूत हा शब्द हजरत यूनुस यांच्या किश्श्यामुळे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक. दिशा मोजायच्या कोनाला म्हणतात ॲझिमथ, तोही आपल्या 'सम्त'चाच भाऊबंद. डोक्यावरच्या बिंदूच्या बरोबर उलटा बिंदू नादिर, तो अरबी 'नजीर'. वर्गात मास्तरांनी विचारलं की ही नावं लक्षात कशी ठेवायची, तेव्हा त्या बावीस वर्षांच्या मुलांना त्याने समजावून दिलं. तेव्हापासून त्याला खरंच 'सर' म्हणू लागले.

उर्दू माध्यम म्हणजे पाया कच्चा, हे मी शिक्षक असून कितीदा ऐकून घेतलं आहे, आणि खरं सांगायचं तर मनात मानलंही आहे. इंग्रजी आलंच पाहिजे, त्यात वाद नाही. भावाला ते आधी आलं असतं तर वीस वर्षं वाचली असती. पण तो रिकाम्या हाताने वर्गात गेला नव्हता, हे मला त्याची वही तपासताना कळलं.

पहिल्या वेळी त्याचे दोन पेपर राहिले. त्यातला एक जहाजाच्या संतुलनाचा, त्यात गणित फार. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला. तेव्हा मी ते बोलून टाकलं. दहावीनंतर अब्बांना काय सांगितलं होतं ते.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी पडवीतच होतो."

पंचवीस वर्षं त्याला ठाऊक होतं. माझी फी त्याने ते ठाऊक असताना भरली होती. मला काही बोलता येईना. तो म्हणाला, "तेव्हा नव्हतीच गती, आपा. आता हे बघ, हा आकृतीतला बिंदू वर का सरकतो?"

दुसऱ्या वेळी दोन्ही पेपर सुटले. तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ती झाली तरी थर्ड मेटची जागा लगेच मिळेल असं नाही. कंपन्याही वय बघतातच. स्लॅबचे पैसे तर संपलेच आहेत.

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी पालक शाळेत येतात आणि तोच प्रश्न विचारतात, "बाई, याला पुढे शिकवू का?" यंदाही एक बाप आला होता, मच्छीमार. मुलाला इंग्रजीत 38. मी त्याला खुर्ची दिली आणि मुलाला आत बोलावलं. म्हटलं, "याच्यासमोर बोलू या."

भावासाठी दुआ करा.