फाजील पाहुणे

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. घरात कोकणी बोलतो, वर्गात उर्दू, आणि पंचायत समितीच्या पायऱ्या चढू लागलो की मराठी. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमची जीभ तर तीन घरची.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनाला तालुक्यातले एक पुढारी प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. त्यांची ओळख करून देण्याचे काम आमच्याकडे आले. स्टाफमध्ये त्यातल्या त्यात बरे मराठी आमचेच. रात्र जागून भाषण लिहिले, पाठ केले. सगळे सुरळीत चालले होते, आणि शेवटी उत्साहाच्या भरात आम्ही म्हणालो, "आजचे आमचे पाहुणे मोठे फाजील आहेत!"

उर्दूत फाजिल म्हणजे विद्वान. मनात ‘आलिम-फाजिल’ ही जोडी होती, त्यातला आलिम ओठांतच राहिला. मराठीत मात्र फाजील लाड, फाजील बडबड, फाजील आत्मविश्वास. मांडवात हशा पिकला. पाहुणेही हसले, माणूस दिलदार होता. पण मागच्या रांगेतून आवाज आला, "यांना मराठी कधी येणार?" ते ‘यांना’ आम्हा एकट्यापुरते नव्हते. त्या दिवसापासून माईक दिसला की घशाला कोरड पडते.

तेव्हापासून मोठ्यांच्या जिभा कुठे घसरतात ते पाहण्याचा नादच लागला. मोठ्यांना एक शब्द सापडलेला असतो – विपर्यास. आमच्या फाजीलचा विपर्यास झाला, हे त्या दिवशी आम्हांला सुचलेच नाही.

आर. आर. पाटील यांचे घ्या. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ते हिंदीत बोलून गेले, की मोठ्या शहरांत अशा लहानसहान गोष्टी होतच असतात. भाषा उसनी, वळण सिनेमातले. मराठीत आबा असे बोलले नसते, असे आम्हांला अजून वाटते. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. उर्दूत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. पद सोडणे म्हणजे इस्तिफा. २००९ च्या निवडणुकीनंतर आबा पुन्हा गृहमंत्री झाले, तेव्हा उर्दू अर्थही अगदीच चुकीचा नाही असे वाटून गेले.

अजित पवारांनी २०१३ च्या दुष्काळात इंदापूर तालुक्यात धरणाच्या पाण्यावरून जे उद्गार काढले, ते या पानावर लिहिता येणार नाहीत. पुढे त्यांनी माफी मागितली, कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. भाषा मात्र उसनी नव्हती, त्यांची स्वतःची होती.

पुढाऱ्यांच्या घरच्या मंडळींनाही माईक सापडतो. २०२२ साली अमृता फडणवीस यांनी सांगितले, की मुंबईतले ३ टक्के घटस्फोट वाहतूक कोंडीमुळे होतात. हा हिशेब मुंबई-गोवा महामार्गाला लावला तर कोकणात एक संसार टिकू नये!

हे सारे हसण्यावारी नेता येते. तिवऱ्याचे नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, तिवरे धरण फुटले. वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले, धरणाला गळती खेकड्यांमुळे लागली. त्याच आठवड्यात सहावीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, कुर्ल्या धरण फोडतात?"

वर्ग हसला नाही. पहिल्या पावसात बांधावर कुर्ल्या पकडणारी ही पोरे. कुर्लीचे बीळ केवढे असते ते त्यांना ठाऊक. आम्ही हातात खडू धरून उभे. तीनही भाषांत उत्तर सापडेना. मंत्र्यांच्या वाक्यात लिंग, वचन, विभक्ती सगळे बरोबर होते.

यंदा तालुक्याच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेसाठी आठवीतल्या एका मुलीचे नाव द्यायचे होते. ती म्हणाली, "सर, चुकलं तर लोक हसतील." आम्ही तिला फाजील पाहुण्यांची गोष्ट सांगितली. पोट धरून हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "पण सर, त्यानंतर तुम्ही परत बोललातच नाही ना?"

तिचे नाव पाठवले आहे. स्पर्धेत आभार मानायला कोणी हवे आहे का, हे आयोजकांना विचारायचे धैर्य अजून झालेले नाही.