बर्फाने वेढलेले घर

हिमालयाची मुख्य रांग ओलांडून उत्तरेस गेले म्हणजे पावसाचे राज्य संपते आणि बर्फाचे सुरू होते. मोसमी ढग अलीकडच्या उतारांवरच रिते होतात. पलीकडच्या खोऱ्यांच्या वाट्यास येते ते हिवाळ्यात पडणारे बर्फ आणि उन्हाळ्यात त्याचे होणारे पाणी. हिमाचल प्रदेशातील स्पिती हे असेच एक खोरे. करड्या-पिवळ्या उघड्या डोंगरांमधून स्पिती नदी वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांस, जेथे एखाद्या ओढ्याचे पाणी पाटाने वळविता येईल तेथे, लहानलहान गावे वसली आहेत. लाहौल-स्पिती जिल्ह्याचा विस्तार मोठा, पण २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या अवघी ३१,५६४ भरली. म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे सरासरी दोन माणसे. माणसापेक्षा येथे आकाश अधिक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

काझा हे स्पितीचे मुख्य ठाणे सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून वळणावळणाच्या रस्त्याने वर गेले की सुमारे ४,२०० मीटरांवर किब्बर नावाचे गाव लागते. उन्हाळ्यात येथे पुष्कळ प्रवासी येतात, हिरवी शेते आणि पांढरी घरे पाहून प्रसन्न होतात आणि परत जातात. परंतु या गावाची खरी ओळख हिवाळ्यातच होते, असे ऐकून आम्ही फेब्रुवारीच्या आरंभी तेथे जावयाचे ठरविले.

हिवाळ्यात स्पितीस जाण्याचा मार्ग एकच. मनालीकडून येणारी वाट कुंझुम खिंडीतून येते आणि ४,५५१ मीटर उंचीची ही खिंड हिवाळाभर बर्फाखाली असते. २०२० मध्ये रोहतांगखालील अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलचा हिवाळ्यातील एकांतवास पुष्कळसा संपला. पण लाहौल आणि स्पिती यांच्या मध्ये कुंझुम आडवी आहे, म्हणून स्पितीस त्याचा हिवाळी लाभ होत नाही. सिमल्याहून किन्नौरमार्गे चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडावयाचे आणि वाटेत हिमलोट वा दरड कोसळली तर रस्ता मोकळा होईपर्यंत थांबावयाचे, एवढेच प्रवाशाच्या हाती असते.

किब्बरमधील ज्या घरी आमचा मुक्काम होता त्या घरात माणसे सहा आणि जनावरे वीस. आजोबांस तेथे ‘मेमे’ म्हणतात. मेमे, त्यांची पत्नी, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू, ही माणसे. थोरला नातू खाली रामपूरला वसतिगृहात राहून शिकतो. जनावरांत तीन याक, एक गाय, दोन झोमो, दोन गाढवे आणि बारा शेळ्यामेंढ्या. याक आणि गाय यांच्या संकरातून जन्मलेल्या मादीस झोमो म्हणतात; ती गाईहून काटक असते आणि दूधही बरे देते. याच जातीचा नर झो नांगराच्या कामी येतो.

या घराचा हिवाळा खरोखर भाद्रपदातच सुरू होतो. सातू आणि वाटाणा यांची कापणी झाली की घरातील प्रत्येक माणूस वैरणीच्या मागे लागतो. सातूचा पेंढा, वाटाण्याचा पाला, बांधावर मुद्दाम वाढविलेला लसूणघास, डोंगरउतारांवरून कापून आणलेले रानगवत, यांतील काडीही वाया जाऊ देत नाहीत. पेंढ्या वाळवून धाब्यावर रचतात. त्याच सुमारास कुरणांतून वाळलेले शेण पोत्यांनी वाहून आणतात, कारण जेथे झाड नाही तेथे शेण हेच जळण. सरकारी वखारीतून सवलतीने मिळणारे लाकूड असते, पण केवळ त्यावर सहा महिने निभाव लागत नाही.

वैरण रचून झाली म्हणजे मेमे धाब्यावर चढून ती नजरेने मोजतात. हा हिशेब चुकला तर वसंत लागण्यापूर्वीच गव्हाणी रिकाम्या पडतात, आणि त्या वेळी विकत घ्यावयास गवत मिळणार कोठे? म्हणून किती जनावरे हिवाळ्यात न्यावयाची हे शरदातच ठरवावे लागते. एखादे म्हातारे जनावर विकावयाचे, एखादे मांसासाठी कापून त्याचे मांस वाळवून ठेवावयाचे. हा निर्णय कोणास आवडत नाही. मात्र अधिक जनावरे ठेवून सर्वांस उपाशी मारण्यापेक्षा मोजकी ठेवून ती नीट जगवावी, हा येथला जुना व्यवहार आहे.

घराची रचनाही याच व्यवहारास धरून आहे. मातीच्या विटांच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि वर आपल्याकडील माळवदासारखे मातीचे सपाट छप्पर. तळमजल्यावर गोठा आणि वर माणसांची वस्ती. शेळ्यामेंढ्या, गाय, झोमो रात्री खाली बांधलेल्या असतात. त्यांच्या श्वासाची व अंगाची ऊब वरच्या जमिनीपर्यंत पोहोचते. हिवाळ्यात कुटुंब मोठ्या खोल्या बंद करून घराच्या मध्यावरील एकाच खोलीत राहते. तेथे लोखंडी शेगडी असते, तिला तेथील लोक तंदूर म्हणतात. स्वयंपाक, जेवण, अभ्यास, पाहुणचार आणि झोप, सर्व काही तिच्याभोवती.

घराच्या एका कोपऱ्यात कोरडे शौचकूप असते. वर भोक ठेवलेली खोली आणि खाली बंद कोठडी. प्रत्येक वेळी वरून माती, राख वा शेणाचा भुगा टाकावयाचा. पाणी लागत नाही, गोठण्याचा प्रश्न येत नाही, आणि वसंतापर्यंत कोठडीत शेतासाठी उत्तम खत तयार होते. शहरातील पाहुण्यास प्रथम नवल वाटते. पण ज्या प्रदेशात नळ गोठून फुटतात, तेथे याहून शहाणी व्यवस्था सुचविणे कठीण आहे.

आमच्या मुक्कामाच्या तिसऱ्या रात्री बर्फ पडू लागले. त्यास पावसासारखा आवाज नसतो. उलट गावातील सर्व आवाज ते गिळून टाकते. पहाटे जाग आली ती छपरावरील खरवडण्याच्या आवाजाने. मेमे आणि त्यांचा मुलगा लाकडी फावड्यांनी बर्फ खाली लोटीत होते. मातीच्या छपरावर बर्फ साचू देणे धोक्याचे असते. उन्हाने ते वितळू लागले की पाणी मातीत मुरते, छप्पर गळते आणि भार वाढला तर तुळयाही वाकतात. म्हणून बर्फ थांबण्याची वाट पाहत नाहीत. पडत असतानाच दोनदा-तीनदा छप्पर साफ करतात. प्रत्येक धाब्यावर एक-दोन माणसे दिसत होती, आणि दोन घरांमधील बोळ बर्फाने छातीइतके भरले होते.

त्यानंतरचे काम जनावरांचे. सून गोठ्यात उतरली तेव्हा तिच्यामागून नातही गेली. वैरण दिवसातून ठरावीक वेळीच आणि हाताने मोजून द्यावयाची, हे त्या नऊ वर्षांच्या मुलीस पाठ आहे. गाभण मेंढीस थोडे अधिक, कामाशिवाय उभ्या असलेल्या गाढवास थोडे कमी. पाण्याचा प्रश्न वैरणीहून अवघड. ऊन वर आले की जनावरांस गावाच्या झऱ्यावर नेतात आणि वर जमलेला बर्फाचा थर फोडून पाणी पाजतात. हवा फारच वाईट असली तर घरातच बर्फ वितळवून कोमट पाणी देतात. पातेलेभर बर्फापासून तांब्याभरच पाणी निघते, हे आम्ही तेथेच पाहिले. आणि त्यासाठी जळण किती जाते, तेही पाहिले.

उघडीप असेल त्या दिवशी शेळ्यामेंढ्या चरावयास बाहेर काढतात. वाऱ्याने बर्फ उडून गेलेल्या उतारांवर सुके गवत डोके वर काढून असते. प्रत्येक घराने आपापला गुराखी पाठवावयाचा नाही. गावातील घरांनी पाळीपाळीने राखण करावयाची, अशी रीत आहे. आज आपण शेजाऱ्याची मेंढी सांभाळावी, उद्या त्याने आपली. याक मात्र डोंगरावर मोकळेच असतात. दाट केस आणि बळकट खूर यांच्या जोरावर ते बर्फ उकरून चरतात. थंडी अगदी असह्य झाली तरच त्यांस खाली आणावे लागते.

संध्याकाळी सर्वजण तंदुरीभोवती जमतात. रात्री पारा उणे २० अंशांच्याही खाली उतरतो. परंतु त्या एका खोलीत चहा उकळत असतो, त्यात दूधसाखरेऐवजी लोणी आणि मीठ. खाणे म्हणजे थुकपा, म्हणजे पीठाचे तुकडे, वाळलेली भाजी आणि असल्यास मांस घालून केलेले दाट पातळसर कालवण. किंवा भाजलेल्या सातूचे पीठ चहात कालवून केलेला गोळा. सातूचे पीठ मराठी घरांसही परके नाही. हिमालयाच्या पलीकडे तेच पीठ मुख्य अन्न म्हणून भेटावे, याचा आम्हांस आनंद वाटला. जेवणे झाली की हात रिकामे राहत नाहीत. आजी लोकर पिंजते, मेमे चातीवर सूत काढतात, मुलगा याकच्या केसांचे दोर वळतो. मुले अभ्यास करतात आणि झोप येईपर्यंत गेसर राजाच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकतात.

मुलांचा हिवाळा केवळ कामाचा नसतो. उतारावरून फळीवर बसून घसरणे हा रोजचा खेळ. काझा येथे थंडीत पाणी गोठवून बर्फावरील हॉकीचे मैदान तयार करतात आणि त्यात स्पितीच्या मुली मुलांइतक्याच हिरिरीने उतरतात. नातीस तेथे शिकावयास जावयाचे आहे. तिने आम्हांस आपले दोन मोजे दाखविले. आजीने विणलेले, घोट्याशी दोन पदरी. बूट मोठे मिळाले तरी बसावेत, म्हणून.

येथेच या घरापुढील खरा प्रश्न दिसू लागतो. अलीकडे स्पितीतील पुष्कळ कुटुंबे हिवाळ्यात काही महिने खाली कुलू, मनाली वा रामपूरकडे जातात. मुलांच्या शाळा तेथे, दवाखाने तेथे, नोकऱ्या तेथे. जे गेले त्यांस दोष कसा द्यावा? रात्री अचानक मूल आजारी पडले आणि रस्ता बंद असला तर आईच्या मनाची काय अवस्था होते, हे ज्याचे त्यासच ठाऊक. मुलाने मेमेंस अनेकदा सुचविले की, हिवाळाभर सर्वांनीच रामपूरला खोली घेऊन राहावे. त्यावर मेमेंचे उत्तर एकच, आणि ते त्यांनी आम्हांसही हसत सांगितले: “घराला कुलूप लावता येते, गाईला कसे लावावयाचे?”

या उत्तरात केवळ म्हाताऱ्याचा हट्ट नाही. जनावरे गेली तर खत जाते. खत गेले तर त्या उघड्या, खडकाळ जमिनीत सातू आणि वाटाणा पिकावयाचा कशावर? शेणाबरोबर जळणही जाते, आणि लोकर, लोणी, नांगराची जोडीही. सहा महिने गाय जगवावयाची ती दुधासाठी म्हणून नव्हे, तर पुढचे सहा महिने शेत जगावे म्हणून. माणसांनी जनावरांस बर्फातून पार न्यावयाचे आणि जनावरांनी माणसांस वर्षातून, असा हा करार आहे.

या करारात एक तिसरा भागीदारही आहे, तो म्हणजे हिमबिबट्या. थंडीत भरल नावाच्या रानमेंढ्या खाली उतरतात आणि त्यांच्या मागोमाग तोही गावाजवळ येतो. गोठ्याचे दार वा खिडकी सैल राहिली तर एका रात्रीत तो अनेक मेंढ्या मारून टाकू शकतो. पूर्वी अशा वेळी लोकांचा राग अनावर होत असे. २००२ मध्ये किब्बरच्या गावकऱ्यांनी निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या एका संस्थेच्या साह्याने जनावरांचा विमा सुरू केला. मालकाने दरसाल थोडी वर्गणी भरावयाची आणि हिमबिबट्याने जनावर मारले तर गावाच्या निधीतून भरपाई मिळावयाची. २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या गणनेत साऱ्या भारतात ७१८ हिमबिबटे असावेत असा अंदाज निघाला. आज ऐन थंडीत त्याचे दर्शन घ्यावयास दूरदूरचे लोक किब्बरला येतात. या घराचा मुलगा त्यांस वाट दाखवितो, दुर्बिणीतून कड्यावरचा ठिपका शोधून देतो आणि त्याची पत्नी पाहुण्यांची व्यवस्था पाहते. जो प्राणी मेंढी नेत असे, तोच आता तरुण माणसास हिवाळ्यात घरी राहावयास कारण देत आहे.

मेमेंस बर्फाची भीती वाटते का, असे आम्ही विचारले. त्यांस भीती वाटते ती बर्फ न पडण्याची. अलीकडे काही वर्षी अर्धा हिवाळा कोरडाच जातो. पाहुण्यांस रस्ते मोकळे सापडतात, पण गावाच्या पोटात गोळा उठतो. डोंगरावर साठलेले बर्फ ही त्यांची ठेव. वैशाख-ज्येष्ठात ती वितळून पाटाने शेतात येते. ठेव कमी पडली तर पेरलेला वाटाणा पाण्यावाचून करपतो. आणि नगदी पैसा येतो तो मुख्यत्वे हिरव्या वाटाण्यातूनच. म्हणून छपरावरून ओढलेल्या प्रत्येक फावड्याबरोबर माणूस थकतो खरा, पण मनातून सुखावतो.

एप्रिल संपता संपता बर्फ मागे सरकू लागते. कोठड्या उघडून हिवाळाभराचे खत गाढवांच्या पाठीवरून शेतात जाते, झोंच्या जोड्या नांगरास जुंपतात, पाटांची डागडुजी होते. बंद असलेल्या घरांचे कुलूप उघडते आणि खाली गेलेली माणसे परततात. जे गेले त्यांची शेते ज्यांनी राखली, ज्यांनी छपरांवरचे बर्फ शेजाऱ्यासाठीही ओढले, त्यांस त्या वेळी कोणी मानपत्र देत नाही. तशी त्यांची अपेक्षाही नसते.

आपल्या देशाच्या सीमावर्ती डोंगरांत अशी अनेक घरे आहेत. त्यांस रस्ता हवा, दवाखाना हवा, मुलांस जवळ चांगली शाळा हवी. हे सर्व पोहोचले तर तेथे राहणे हा नाइलाज न राहता निवड ठरेल. नातीस हॉकीही खेळता यावी आणि गाभण मेंढीस किती मुठी गवत द्यावयाचे हेही तिच्या ध्यानात राहावे, एवढीच त्या घराची इच्छा आहे. ती काही फार मोठी मागणी नव्हे.