फुटक्या कौलांचा वैशाख

आमच्या दापोलीकडच्या घरात वैशाख यायचा तो आधी नाकाला कळायचा. परसात पडून कुजलेल्या बरक्या फणसाचा गोडूस दर्प, काजूच्या बोंडांचा तुरट-आंबूस वास, लांब कुठल्यातरी शेतातल्या भाजावळीचा धूर आणि या सगळ्यांवर ताज्या कापलेल्या आंब्याच्या फांदीच्या चिकाचा तो झोंबणारा वास, जो हाताला लागला की दोन-दोन दिवस साबणाला दाद देत नसे. मिरग तोंडावर आलेला असायचा. घरावर झुकलेल्या फांद्या तोडायच्या, माडांची सुकलेली झावळं आणि जून नारळ उतरवायचे आणि मग घर शाकारून घ्यायचं, असा क्रम आजोबांनी ठरवून दिलेला होता. शाकारणी शेवटी, कारण झाडांची कामं होताना कौलं फुटणार हे धरूनच चालायचं. गोठ्यामागे जादा कौलांची उतरंड त्यासाठीच रचलेली असे, शेवाळलेली आणि खालच्या थरात हमखास विंचू पोसणारी.

माडावर चढायला यायचे ते गृहस्थ भावकीतले नव्हते, पण आम्ही सगळी पोरं त्यांना मामाच म्हणायचो. कमरेला आकडी, आकडीत कोयता, पायात काथ्याच्या दोरीचा फास, आणि बुंध्यावर वर्षानुवर्षं तासत नेलेल्या खाचांवर अंगठे रोवत ते असे वर जायचे की खालून आधी पाठ दिसायची, मग टाचा आणि मग नुसता आवाज यायचा, ‘सरका रेऽऽ!’ त्या हाकेनंतर सारं खळं गप्प व्हायचं. कोयत्याचा खच्चकन घाव, मग तो छातीत उमटणारा धप्प आवाज, आणि नारळ गडगडत तुळशीवृंदावनापाशी थांबायचा. पण वारा पडवीच्या दिशेने असला किंवा पेंडीतला एखादा नारळ आधीच सैल झालेला असला, की धप्पच्या जागी कडाड व्हायचं आणि मागोमाग तुकडे रिपांवरून घरंगळत वळचणीला येण्याची ती लांबलेली खळखळ. एकदा असाच एक असोला नारळ कौल फोडून थेट माजघरात उतरला. भोकातून उन्हाची एक तिरीप शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडली, तिच्यात कौलाची तांबूस धूळ तरंगत राहिली, आणि तो उन्हाचा गोल तुकडा दुपारभर जात्यापासून कोठीच्या दारापर्यंत सरकत गेला. आजी धावत बाहेर आली ती कौल बघायला नव्हे. “मामा, तुम्ही नीट आहात ना हो?” हे तिचं पहिलं वाक्य. कौलाची चौकशी चहानंतर.

हे कौल म्हणजे मंगळुरी. बाझल मिशनने १८६५ साली मंगळुरात त्याचा कारखाना काढला आणि पुढे ते साऱ्या किनाऱ्यावर पसरलं. त्याच्या पोटाशी कारखान्याचं नाव कोरलेलं असायचं, पावसाळी दुपारी अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही ती नावं वाचायचो. खाचेत खाच बसणारं ते कौल एक फुटलं की शेजारची दोन सैल होत. त्याच्या आधीचे कुंभाराचे नळे बरे, फुटला की दुसरा सरकवला, एवढंच.

मोठं प्रकरण घडलं ते रायवळ आंब्याच्या फांदीचं. गोठ्याकडे वाकलेली ती जाड फांदी सुंभाच्या दोरखंडाने फणसाच्या बुंध्याला बांधली होती, दोर ताणून धरायला चार गडी होते, आणि तरीही, निम्मी कापून होते न होते तोच ती स्वतःच्या भाराने करकरली, खालच्या अंगाची साल हातभर सोलत खाली आली आणि दोरावर झोका घेऊन न्हाणीघरावर आदळली. मोठ्या फांदीला आधी खालून खाच द्यायची, मग वरून करवत, म्हणजे साल फाटत नाही आणि फांदी भलतीकडे जात नाही. हे जाणत्यांना तेव्हाही ठाऊक होतं, पण पावसाची घाई भल्याभल्यांना चुकवते. न्हाणीघराची भिंत निम्मी बसली आणि तांब्याच्या बंबाला मोठा पोचा आला. भरपाईचा शब्द कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच फांदी तोडणारे स्वतः मुलाला घेऊन आले, चिरा नि माती घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत भिंत उभी करून, आमच्याकडेच भाकरी-कुळथाचं पिठलं जेवून गेले. पोचा आलेला बंब पुढे कितीतरी हिवाळे आमचं पाणी तापवत राहिला.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत माड, पोफळी, आंबे असे आडवे झाले की तोडायला कुणाला बोलवावंच लागलं नाही. कौलं उडाली, त्यांच्या जागी पत्रे आले. फांद्या आता पेट्रोलच्या करवतीने घटकाभरात उतरतात. मोडतोडही बदलली आहे. विजेची तार, पाण्याची टाकी, गच्चीवरचं सौर पॅनेल, दारातली मोटार. ही भरपाई भाकरी-पिठल्यावर भागत नाही आणि भागावी असंही नाही. कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला हाती आल्यापासून आंबा देठासकट खाली येतो. माडावर चढायच्या यंत्रावर आता बायकाही चढतात. मला हे मनापासून बरं वाटतं, कारण मामा उतारवयात एका ओल्या सकाळी माडावरून घसरले आणि त्यांचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. कौलांची उतरंड आमच्या गोठ्यामागे होती. मामांच्या हातासाठी कुणीच काही रचून ठेवलेलं नव्हतं.

नारळ विकास मंडळाची माडावर चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ ही अपघात विमा योजना आहे, हप्त्याचा बराचसा भाग मंडळच भरतं. गावी जाऊन नारळ उतरवून घेणार असाल, तर वर चढणाऱ्या माणसाचा विमा आहे का हे आधी विचारा. नसेल तर त्याच्यासोबत बसून अर्ज भरा, आणि त्याच्या वाट्याचा हप्ता तुम्ही द्या.